पश्चिमेची भिंत

गुरुवारी दुपारी भिंत पडली आणि रविवारी सकाळी खरातांचं कुटुंब ती बघायला गोराईला निघालं. कुणी गेल्यावर निघतात तसे निघाले, डबा न घेता. सम्यकनं मानखुर्दहून गाडी केली होती. बोरिवलीच्या धक्क्यावर आईला बोटीत चढवताना एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं दीप्तीनं, आणि इतक्या जवळ उभे राहूनही बहीण-भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मधल्या आईनं, लताबाईंनीच, काय ते विचारलं, की सकाळी चहा तरी पोटात गेलाय का रे तुमच्या.

दीप्ती आदल्या संध्याकाळी कच्छहून परतली होती. मातीची घरं बांधणारी आर्किटेक्ट ती; तिथल्या एका शाळेच्या बांधकामासाठी सहा आठवडे गेली होती. भिंतीची बातमी तिला सम्यकनं फोटो पाठवून दिली. फोटोखाली दोनच शब्द होते. ‘घे, पडली.’

गोराईचं हे नवं घर लताबाईंसाठी होतं. मानखुर्दची खोली सातव्या मजल्यावर, वर थेट गच्ची. एप्रिल-मेमध्ये तिथला स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती आग खाली सोडत राहायचा. लताबाईंच्या हृदयाचं पंपिंग वीस टक्क्यांवर आलेलं. एसी लावून पाहिला तर खोकल्याची अशी उबळ यायची की रात्र बसून काढावी लागे. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांना पहिल्यांदा ॲडमिट केलं, तेव्हाच दीप्तीनं या घराचा आराखडा काढायला घेतला. यंदाच्या मेमध्ये दोनदा ॲडमिट करावं लागलं. त्यावेळी डॉक्टरांनी सम्यकला बाहेर बोलावून सांगितलं, की त्या खोलीत असा आणखी एक उन्हाळा त्या काढतील असं धरून चालू नका.

दीप्तीच्या वडिलांनी, शिवदास मिस्त्रींनी, पंचवीस वर्षांपूर्वी गोराईत तीन गुंठे घेऊन ठेवले होते. वर एक मोडकं कौलारू घर होतं. दीप्तीनं त्याच मापात नवं आखलं. दगडी जोतं, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, कौलांखाली गरम हवा निघून जायला झरोके. पश्चिमेची भिंत दीड फूट जाड, कारण दुपारचं ऊन तिच्यावरच येणार होतं. ते भिंत ओलांडून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हावी आणि समुद्रावरच्या वाऱ्यानं ते बाहेरच्या बाहेर जावं, असा तिचा सगळा हिशोब. मुलीनं बापाला वहीत चित्र काढून समजावलं होतं. बापानं मान डोलावली होती. पन्नास वर्षं सिमेंटमध्ये काढलेल्या माणसाची ती मान होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता त्या भिंतीच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं. वरचा वासा चार लाकडी टेकूंवर उभा होता. आतल्या खोलीत सकाळचा उजेड नको तितका भरला होता.

दीप्ती ढिगाशी उकिडवी बसली. तिनं मातीचा गोळा उचलला, बोटांनी दाबला. अजून ओला होता.

“बाबा, गिलावा कुठंय?”

“भरून ठेवला गोण्यांत,” शिवदास म्हणाले. ते मार्चपासून बहिणीला घेऊन इथेच, शेजारच्या पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहत होते. “पायात यायला नको म्हणून.”

“चुना धरला नव्हता का नीट?”

“धरला होता.”

तिनं भिंतीच्या उरलेल्या कडेवरून हात फिरवला. पांढरी, गुळगुळीत. मग तिनं पुन्हा मातीच हातात घेतली. चूक कुठे शोधायची हे तिनं बोटीतच ठरवून टाकलेलं होतं.

“बघून झालं असेल तर आईला सावलीत बसवूया?” सम्यक म्हणाला. “की तेही मातीला विचारून?”

“सम्यक,” लताबाई म्हणाल्या.

“नाही, मी काय बोललो? रात्री कोसळली असती आणि आत कोणी असतं, तर? काय वाट लागली असती याचा विचार तरी कर, दीप्ते.”

दीप्ती हातातली माती चुरत राहिली. एरवी भावाचं एक वाक्य खाली न पडू देणारी मुलगी ती. ती गप्प बसली तसा सम्यकही ओशाळला आणि खुर्ची आणायला गेला. घरात एकच खुर्ची होती, प्लास्टिकची, कामावरच्या चुन्याचे डाग पडलेली.

*

शिवदासांच्या बहिणीला, सोनूबाईंना, बसवत नव्हतं. वय त्र्याहत्तर, गुडघे गेलेले, पण कामाच्या जागी रिकामं बसायची सवय देहाला नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून त्या मुंबईला आल्या, धाकट्या शिवाचं बोट धरून. त्या बिगारी लागल्या, तो मिस्त्रीच्या हाताखाली. पंचवीस वर्षं त्यांनी डोक्यावर घमेली वाहिली. शिवाचं लग्न त्यांनी लावलं, दोन्ही पोरांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलं.

या घराला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच होता. “म्या गावाबाहेरच्या मातीत जल्मले,” त्या दीप्तीला म्हणाल्या होत्या. “पावसाळ्यात आमची भित पडायची अन् माय पुन्यांदा थापायची. शेन-माती करून तिच्या बोटांची सालटी निघायची. तिथून निघून आमी सिमिटाच्या घरात गेलो. अन् तू शिकूनसवरून मला पुन्यांदा मातीत नेतीस? बाबासाहेबांचा फोटो काय मातीच्या भितीवर टांगू?” दीप्ती त्या दिवशी रडली होती. पण नंतर आत्या इथे राहायला आल्या, चैत्रातल्या दुपारी अर्धवट झालेल्या खोलीत आडव्या झाल्या आणि चार वाजेपर्यंत झोपल्या. उठल्यावर कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तिथेच जाऊन निजल्या.

आता त्या मागच्या बाजूला गोण्यांपाशी उभ्या होत्या. एक गोणी वाटेत आली म्हणून सरकवायला गेल्या तर हलेना. सोनूबाई थबकल्या. कशाचं ओझं किती असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी सुतळी सोडली आणि आत हात घातला.

हाताला आला तो तुकडा एका बाजूनं पांढरा होता, दुसऱ्या बाजूनं करडा. त्यांनी तो दगडावर आपटला. खणकन वाजला.

“शिवा,” त्यांनी हाक मारली. जोरात नाही.

शिवदास आले. चार पावलांत त्यांना धाप लागली होती. बहिणीच्या हातातला तुकडा पाहून ते गोणीवरच बसले.

“हे सिमिट हाय.”

“अक्का, हळू बोल.”

“म्या गावाला गेले तवाच मारलंस, अन् वरून चुना फासला व्हय तू? लेकीला फसिवलंस?”

“फसवायचं नव्हतं. ती यायच्या आत वाळलं असतं, तिला कळलंही नसतं. भिंत अजून मजबूत झाली असती, असं वाटलं मला.” ते श्वास घ्यायला थांबले. “पन्नास वर्षांत माझं एक प्लास्टर सुटलं नाही, अक्का. एक नाही.”

“आन् ती पोरगी तिकडं म्हनतीया, माजी माती चुकली.”

“मी सांगेन तिला. नंतर. आज लताच्या समोर नको.”

“का? लतासमोर का नको?”

शिवदास तळहाताकडे बघत बसले. सोनूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी खोटं बोलला की असाच हाताच्या रेषा बघत बसायचा हा.

“तू सांगनार का म्या सांगू? येवढंच बोल.”

*

मधल्या खोलीत लताबाई खुर्चीवर आणि बाकीचे जोत्याच्या दगडांवर, उंबऱ्यावर असे बसले. समोर भगदाडातून शेजारच्यांच्या माडाच्या झावळ्या दिसत होत्या. सम्यकनं सगळं कागदावर लिहून आणलं होतं. बँकेत काम करणारा मुलगा तो, रागावला तरी कागद नीट घडी घालून खिशात ठेवणारा.

“मी चंद्रप्रकाशशी बोललोय,” तो म्हणाला. चंद्रप्रकाश म्हणजे मानखुर्दचा काँट्रॅक्टर, शिवदासांच्याच हाताखाली तयार झालेला. “उद्या माणसं लावतो म्हणाला. चार कॉलम, वर बीम, ब्लॉकची भिंत. फेब्रुवारीअखेर घर हातात. बाबा, तुमचं काय म्हणणं?”

“बघू,” शिवदास म्हणाले.

“बघू काय बघू? मार्च लागला की आईला त्या खोलीत ठेवता येणार नाही. आपल्याकडे तीन महिने आहेत. दीप्ती, तू बोल. तुझं घर आहे हे.”

“माझं नाही, आईचं आहे.”

“हे आता आठवलं तुला? दोन वर्षं मी ऐकतोय. भिंत श्वास घेते, भिंत वाळते, भिंतीला घाई करायची नाही. अगं, आई श्वास घेते का ते बघ ना! तुझे जे काय प्रयोग असतील ते तुझ्या श्रीमंत क्लायंटांवर कर. आईवर करायचे नव्हतेस.”

“सम्या, बास,” लताबाई म्हणाल्या.

“बोलू दे त्याला,” दीप्ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “बरोबर बोलतोय तो. चूक माझी आहे. इथली माती खारी आहे, मी बाटलीत पाणी घालून तपासली होती, तीनदा, तरी माझा अंदाज चुकला. भिंत आतून ओली राहिली आणि मला कळलं नाही. मला वाटलं होतं, मला कळतं हे काम.” ती जरा थांबली. “मी हे सोडतेय. अंधेरीच्या जुन्या ऑफिसात जागा आहे अजून, काचेच्या बिल्डिंगांचं काम. उद्या फोन करेन त्यांना. सम्यक, तू चंद्रप्रकाशला बोलाव.”

शिवदास मुलीकडे बघत होते. ती सात वर्षांची असताना त्यांनी तिला साइटवर नेऊन ओळंबा धरायला शिकवला होता. दोरी स्थिर होईपर्यंत ती श्वास रोखून उभी राहायची आणि मग ओरडायची, बाबा, सरळ आहे! कॉलेजात गेल्यावर तिच्या वर्गातल्या मुलांनी वडिलांचं काम विचारलं की ती मिस्त्री म्हणूनच सांगायची, बिल्डर नाही. आज ती स्वतःचं काम टाकून द्यायला निघाली होती, आणि ते टाकायला लावणारा हात त्यांचा होता. त्यांना एकदम फार लाज वाटली. मघाशी अक्कासमोर वाटली होती तिच्याहून मोठी.

“माती चुकली नाही,” ते म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. सम्यक फोन काढत होता.

“मी म्हणतोय, माती चुकली नाही. मी सिमेंट मारलं.”

दीप्तीनं वर पाहिलं. “कुठे?”

“बाहेरून. अख्ख्या भिंतीला. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी. वरून चुन्याचे दोन हात दिले आणि तुला फोटो पाठवला.”

“आणि पाणी?” तिनं विचारलं. पहिला प्रश्न तिचा हाच होता. का केलंत, हा नाही.

“मारलं की. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. पाइप लावून. सिमेंटला पाणी मारल्याशिवाय…” आणि तिथे ते थांबले. पन्नास वर्षांत हजार वेळा पोरांना शिकवलेलं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

“मातीच्या भिंतीला, बाबा? सात दिवस पाणी?”

“पक्कं व्हायला नको का,” ते इतकं हळू म्हणाले की सोनूबाईंनी तोंडाला पदर लावला.

दीप्ती उठून भगदाडापाशी गेली. पाठ करून उभी राहिली. “ते पाणी आत गेलं आणि सिमेंटनं त्याला बाहेर येऊ दिलं नाही,” ती म्हणाली. “मग दिवाळीनंतरचा पाऊस वरच्या फटीतून आत गेला, तोही तिथेच राहिला. महिनाभर भिंत आतून भिजत होती. चुना असता तर वाळली असती.” मग ती गर्रकन वळली. “मी तुम्हाला चित्र काढून दाखवलं होतं! तुम्हीच म्हणालात, कळलं! माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नव्हता तर तेव्हा सांगायचं होतं ना, बाबा. मी तीन दिवस मेल्यागत फिरतेय. आणि तुम्ही कडांना चुना फासून ठेवलात, मला दिसू नये म्हणून?”

“त्यांना नको बोलू,” लताबाई म्हणाल्या. “मी सांगितलं होतं त्यांना.”

“लता,” शिवदास म्हणाले, “तू गप्प बस.”

“का बसू? किती पांघरूण घालाल माझ्यावर?” त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. लांब वाक्य बोलायचं झालं की त्यांना आधी थोडी हवा भरून घ्यावी लागे. “जयंतीमावशीचा फोन आला होता जालन्याहून. व्हिडिओवर. तिला घर दाखवलं यांनी. तर ती म्हणाली, अगं, भावजींनी लोकांचे टॉवर बांधले आणि तुला म्हातारपणी मातीत नेऊन ठेवतात का? तिच्या सुनेनंही पाहिलं, हसली ती. मला रात्रभर झोप नाही आली. मी यांना म्हटलं, आत पोरीचं राहू द्या, तिनं जीव लावून केलंय. पण बाहेरून तरी पक्कं करा. रस्त्यावरून दिसतं ते तरी. हे नाही म्हणाले. दोन दिवस नाहीच म्हणत होते. मी जेवले नाही, तेव्हा तयार झाले.”

बाहेर एक रिक्षा येऊन वळून गेली.

“मला विचारायचं होतंस, आई,” दीप्ती म्हणाली.

“तू नाही म्हणाली असतीस. आणि तू का नाही म्हणतेस, ते मला समजलं नसतं. मग मी पुन्हा विचारलं असतं.” लताबाई जरा हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरले. “मला काय ठाऊक गं, भिंतीचं असं असतं. मला वाटलं, वरून एक कापड घातल्यासारखं होईल.”

सोनूबाई पुढे झाल्या आणि भावजयीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “म्या बी मातीला नावं ठिवली,” त्या म्हणाल्या. “लेकीला रडवलं म्या. पर आज सम्याला सांगते, ह्या घरात म्या उन्हाळा काढलाय. दुपारच्याला आत हात लावला तर भित गार लागायची. पोरीचं काम चुकलं न्हाई. आमी सगळ्यांनी मिळून पाडलंय ते.”

सम्यकनं फोन खिशात ठेवला. बहिणीकडे न बघता त्यानं विचारलं, “मग आता? परत तसंच करायचं तर किती दिवस?”

दीप्ती मनात मोजत होती आणि मोजता मोजता तिचा चेहरा उतरत गेला. “डिसेंबर-जानेवारी विटा पाडायला आणि वाळवायला. फेब्रुवारी-मार्च भिंत चढवायला. मग ती पावसाळ्याच्या आत वाळते जेमतेम. चुना दसऱ्यानंतर.” तिनं भगदाडाकडे पाहिलं. “पुढच्या दिवाळीला.”

“मधे राहता नाही येणार? ताडपत्री लावून?”

“छप्पर टेकूवर आहे, सम्यक. त्याखाली आईला झोपवू?”

लताबाईंकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणूनच सगळ्यांना कळलं की सगळेच मधला उन्हाळा मोजताहेत.

“चंद्रप्रकाशला बोलाव,” दीप्ती म्हणाली.

“काय?”

“तू म्हणतोस तसं करूया. कॉलम, बीम, ब्लॉक. फेब्रुवारीत होईल.”

“पण ती भिंत तापेल ना? तूच सांगत होतीस दोन वर्षं. सगळं ऊन पश्चिमेचं.”

“तापेल.”

“मानखुर्दसारखी?”

“तितकी नाही. पण संध्याकाळनंतर खोली तापेल. मला माहीत आहे.”

“मग उपयोग काय, यार?”

“आई असेल ना इथे!” दीप्ती ओरडलीच. “घर गरम तर गरम. मार्चमध्ये ती इथे असेल. मला नकोय तसलं थंड घर, जे झाल्यावर…”

सम्यक उठला, दोन पावलं चालला, परत बसला. “मेमध्ये लिफ्ट बंद होती,” तो म्हणाला. “मी आणि शेजारच्यांनी आईला सात मजले खाली आणलं, चादरीत घालून. तिचे ओठ निळे पडले होते. प्रत्येक मजल्याला ती मला सॉरी म्हणत होती. मला परत गरम खोली नको, दीप्ती. कुठलीच. तू तुझंच घर कर. मी बघतो, भाड्यानं कुठेतरी तळमजला मिळतो का ते. करशील ना? सोडून नको देऊस.”

तासाभरापूर्वी ज्याला जे हवं होतं, ते आता दुसरा मागत होता. शिवदास मान खाली घालून दोघांचं ऐकत होते.

“मला विचारा की कुणीतरी,” लताबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“मानखुर्दची बिल्डिंग घाईत बांधली होती. आपल्याला चावी दिली तेव्हा रंग ओला होता, आठवतं? मी एकोणीस वर्षं राहिले तिथे. आता आणखी घाईचं नको मला.” त्या थांबल्या, हवा भरून घेतली. “ही भिंत सावकाश बांधा. दीप्ती सांगेल तशी. आणि अहो, तुम्ही तिच्या हाताखाली काम करायचं. ती नाही म्हणाली की नाही.”

“आणि तू?” शिवदासांनी विचारलं.

“मी काय, बघू. सम्या तळमजला बघतोय ना.”

त्या तळमजल्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. सम्यकचासुद्धा. मुंबईत भाड्याची खोली मिळते, उन्हाळा काही चुकवता येत नाही. पण कुणी तसं म्हणालं नाही, आणि लताबाईंनीही कुणाला म्हणू दिलं नाही. त्यांनी दीप्तीला जवळ बोलावलं.

“तुझी ती वही आणलीयस का? चित्रांची?”

“आहे.”

“या भिंतीत एक खिडकी होती ना? आता परत बांधायचीच आहे, तर ती जरा वर घे.”

दीप्तीला क्षणभर कळलं नाही. “अगं, ती मुद्दाम खाली ठेवली होती. दीड फुटावर. पलंगावर पडल्या पडल्या तुझ्या अंगावर वारा यावा म्हणून.”

“ते कळलं मला. पण तुझे बाबा दुपारचे आडवे होत नाहीत. त्यांना पडलं की जास्त दम लागतो, पन्नास वर्षांचं सिमेंट बसलंय छातीत. ते खुर्चीत बसतात. तर खुर्चीच्या मापानं घे.”

“लता, काय चालवलंयस हे,” शिवदास म्हणाले.

“सातव्या मजल्यावर एकटे राहाल का तुम्ही? त्या आगीत? मला तिथे बसून ती काळजी नको.” तिथे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. सोनूबाईंच्या हाताचा आधार घेऊन लताबाई उठल्या. घरातली एकुलती एक खुर्ची त्यांनी स्वतः भगदाडासमोर ओढली. ओढताना दोनदा थांबल्या, पण सम्यकला हात लावू दिला नाही.

“बसा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“लता.”

“बसा हो. पोरगी खोळंबलीय.”

शिवदास बसले. दोन्ही हात मांडीवर, मान ताठ. समोरून समुद्राचा वारा आला आणि त्यांच्या शर्टाची बटणपट्टी हलली. दीप्तीनं पिशवीतून टेप काढला. एक टोक सम्यकनं जमिनीला धरलं. दुसरं तिनं बापाच्या छातीपर्यंत नेलं, आणि आकडा वाचायला वाकली. शिवदासांनी वर न बघताच तिचं मनगट धरून स्थिर केलं.

“किती आलं?” लताबाईंनी विचारलं.

“दोन फूट नऊ इंच.”

“मग तसं लिही.”

दीप्तीनं वही उघडली. पश्चिमेच्या भिंतीचं पान काढलं. खिडकीपाशी तिच्याच अक्षरात ‘आई’ असं लिहून पुढे दीड फूट लिहिलेलं होतं. तिनं त्यावर एक रेघ मारली आणि शेजारी नवं माप लिहिलं.